दहा मिनिटं घड्याळ लावून

रात्री दोन वाजता खारीचा मागचा पाय
फरशीवर आपटतो. ठक ठक ठक ठक.
गळ्यातला बिल्ला किणकिणतो, मग
दातांनी स्वतःलाच सोलत असल्यासारखा ओला आवाज.
मी अंधारात म्हणते, "खारी, पुरे."
ती थांबते. माझ्यावर उपकार केल्यासारखी.
मग पुन्हा ठक.

बगलेत केस उरले नाहीत.
पोटावरची कातडी जुन्या रेक्झिनसारखी, काळी, जाड,
आणि तिला वास
डब्यात विसरलेल्या पावाचा.

सासूबाई म्हणाल्या, उष्णता आहे, ताक द्या.
दूधवाला म्हणाला, करंजाचं तेल.
भावजी नाशिकहून फोनवर म्हणाले,
कुत्री खाजवतातच.
मी फिनेल बदललं. तिची गोधडी उकळत्या पाण्यात घातली.
बारीक फणीने मानेपासून शेपटीपर्यंत विंचरलं,
ओल्या पांढऱ्या कागदावर काळे कण झटकले
आणि वाट पाहिली.
मुलाणी डॉक्टरांनी सांगितलं होतं,
लाल फुटले तर पिसवा,
काळेच राहिले तर नुसती धूळ.
दोन कण लाल झाले.
बाकी सगळं पुणे.

मानेवर औषध घातलं.
खाज निम्मी गेली, निम्मी राहिली.
"एकच कारण असायला हा काही खून नाही," डॉक्टर म्हणाले,
"वही घाला. कधी, कुठे, काय खाल्ल्यावर, कुठून आल्यावर."
ऋजुताच्या भूमितीच्या वहीची मागची पानं घेतली.
पुढचीही बरीच कोरी होती.
ते तेव्हा लक्षात आलं नाही.

आठ आठवडे फक्त मासा आणि लाल भोपळा.
चिकन निर्दोष सुटलं.

मग खालच्या मजल्यावरचे रिसबूड वर आले,
हातात चिठ्ठी, आमच्या दाराला चिकटवायला आणलेली.
मीच दार उघडल्यावर त्यांनी ती वाचून दाखवली:
"रात्री दोन ते तीन सुतारकाम करू नये."
खारी त्यांच्या चपलांपाशी उताणी पडली.
ते तिच्या पोटाकडे बघत राहिले. बराच वेळ.
मग त्यांनी शर्टाची बाही वर सरकवली.
कोपराच्या खळगीत तेच रेक्झिन.
"गाजरगवत," ते म्हणाले. "मला तेवीस वर्षं आहे.
तळजाईला कुठून चढता?"

मागच्या प्लॉटमधून. भिंत पडलीय तिथून,
जवळ पडतं म्हणून.
गणपती उठेपर्यंत तिथे कमरेएवढं वाढतं,
वर पांढरी बारीक फुलं, खसखस सांडल्यासारखी,
आणि खारी त्यात पोट घासत पोहायची
आणि मी म्हणायचे, बघ, किती खूश आहे.

वही उघडली. रविवार. रविवार. सोमवारी पहाटे. रविवार.
माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं सगळं.

आता डांबरी रस्त्याने वळसा घालतो, अकरा मिनिटं जास्त.
आल्यावर चारही पंजे आणि पोट टबात.
आठवड्यातून दोनदा औषधी शाम्पू,
त्यावर लिहिलंय: दहा मिनिटं राहू द्यावा.
दहा मिनिटं ओलं कुत्रं धरून बसायचं,
ते ज्याने बसून पाहिलं त्यालाच माहीत.
ऋजुता पुढचे पाय धरते, मी मागचे.
मोबाइल बाहेर, कोपरापर्यंत फेस,
कुणालाच कुठे उठून जाता येत नाही.
गेल्या गुरुवारी चौथ्या मिनिटाला ती म्हणाली,
खारीच्या कानाकडे बघत,
"मला भूमिती कळत नाही. जूनपासूनच."
मी बगलेत फेस चोळत राहिले.
विचारलं, "कुठल्या पानापासून?"
तिने सांगितलं.
सहा मिनिटं होती अजून.

केस येतायत, विरळ, उंदरी रंगाचे.
रिसबूड जिन्यात भेटले की
आधी तिचं पोट बघतात, मग आपली बाही खाली ओढतात.

दोनला मला अजून जाग येते.
पंखा. हमरस्त्यावरचा एखादा ट्रक.
मी कान लावून पडून राहते,
आणि बऱ्याच वेळाने, एकदाच,
ठक.
असू दे.
कुत्री खाजवतातच.